टाकी नवी, पाइप जुने: कुठला पाइप कुठे लावायचा?

पावसाळा उतरणीला लागला की गोव्यातल्या गॅरेजांत दोन तऱ्हेच्या गाड्या हमखास दिसतात. एक म्हणजे चार महिने अंगणात भिजत उभी राहिलेली जुनी जिप्सी किंवा जीप. तिच्या टाकीचा तळ गंजून पेट्रोल पाझरायला लागलेलं असतं. दुसरी म्हणजे चिखलात दामटण्यासाठी मुद्दाम बांधलेली ऑफ-रोड गाडी. २०१४ साली ऐन पावसात इथे रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडिया ही स्पर्धा सुरू झाली आणि ते वेड आणखी वाढलं. अशा गाडीची मूळ टाकी दगडावर आपटून चेपते, म्हणून ती काढून मागच्या हौद्यात फ्युएल सेल, म्हणजे शर्यतीच्या गाड्यांत असते तशी दणकट टाकी, बसवायचा असतो. हायड्रोजनपासून वीज करणारा फ्युएल सेल वेगळा, त्याचा इथे संबंध नाही.

सेल ऑनलाइन मागवला जातो, चकचकीत डबा घरी येतो. झाकणावर चार-पाच तोंडं असतात आणि सोबत धड कागद नसतो. गाडीखाली कापलेले तीन पाइप लोंबत असतात, त्यातले दोन सारख्याच जाडीचे. मग प्रश्न पडतो की कुठला पाइप कुठे?

पाइप जाडीवरून, रंगावरून किंवा शेजारच्या गाडीत कसा होता त्यावरून ओळखायचा नसतो. त्याचं दुसरं टोक कुठे जातं ते शोधायचं. बाकीचा लेख हे का आणि कसं, एवढ्यासाठीच आहे.

फ्युएल सेल हा नुसता डबा नव्हे

साधी टाकी म्हणजे पत्र्याचं किंवा प्लॅस्टिकचं भांडं. ते फाटलं की पेट्रोल बाहेर. खऱ्या फ्युएल सेलमध्ये तीन थर असतात: बाहेर धातूची पेटी, आत न फाटणारी जाड रबरी पिशवी आणि पिशवीत मोठ्या छिद्रांचा स्पंज, म्हणजे फोम. गाडी आपटली, पेटी चेपली, तरी पिशवी वाकते पण फुटत नाही. फोममुळे पेट्रोल डचमळत नाही आणि टाकीतल्या वाफेचा भडका पसरायला अडथळा होतो. फोम दिसतो भरपूर, पण त्याने टाकीची जागा जेमतेम दोन-तीन टक्केच अडते.

ही कल्पना विमानांच्या टाक्यांवरून मोटार शर्यतीत आली आणि तीही माणसं जळून मेल्यावर. १९६४ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनल्ड आगीत गेले. त्याच मे महिन्यात शार्लटच्या शर्यतीत फायरबॉल रॉबर्ट्स भाजला आणि जुलैत वारला. त्यानंतर अमेरिकेतल्या शर्यतींत अशा टाक्या येऊ लागल्या. आज आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ, म्हणजे एफआयए, या पिशव्यांना एफटी ३, एफटी ३.५, एफटी ५ असे दर्जे देतो. पिशवीवर उत्पादनाची तारीख छापलेली असते. तिचं आयुष्य पाच वर्षं धरतात, आणि बनवणाऱ्याने पुन्हा तपासून दिली तर आणखी दोन.

आपल्याकडे 'फ्युएल सेल' म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंच काही निव्वळ ॲल्युमिनियमचा चौकोनी डबा असतं. कधी आत फोम असतो, कधी तोही नसतो. डबा वाईट असतो असं नाही, पण त्याला पिशवीच्या सेलची किंमत मोजू नये आणि त्याच्याकडून तशी सुरक्षितताही धरू नये. दर्जाची पट्टी आणि तारीख दिसली नाही, तर तो डबाच समजावा.

टाकीला इतके पाइप लागतात तरी कशाला?

भरायचं तोंड सोडलं, तर टाकीला तीन प्रकारचे पाइप जोडलेले असतात.

पहिला सप्लाय. याच्यातून इंधन टाकीच्या तळातून निघून इंजिनकडे जातं. टाकीच्या आत तो तळापर्यंत उतरलेला असतो आणि टोकाला बारीक जाळी असते.

दुसरा रिटर्न. इंजिनला लागतं त्याहून जास्त इंधन पंप पुढे ढकलत असतो. उरलेलं याच पाइपने टाकीत परत येतं. इंजेक्शनच्या, म्हणजे दाबाने इंधन फवारणाऱ्या, अनेक गाड्यांत इंजिनजवळ एक रेग्युलेटर असतो. तो दाब साधारण तीन बारवर धरून ठेवतो आणि जादा इंधन मागे सोडतो. जुन्या गाड्यांत हवेत पेट्रोल मिसळायचं काम कार्ब्युरेटर करतो. जपानी धाटणीच्या बऱ्याच कार्ब्युरेटर गाड्यांनाही रिटर्न असतो, त्यामुळे 'कार्ब्युरेटर आहे म्हणजे रिटर्न नसणारच' हे खरं नाही. डिझेलला तर रिटर्न हवाच, कारण पंप आणि इंजेक्टर यांतून झिरपलेलं गरम डिझेल गोळा होऊन टाकीकडे येतं.

तिसरा हवेचा, म्हणजे व्हेंट. याच्यातून इंधन जात नाही, फक्त हवा आणि वाफ जाते. इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत तो बहुधा कोळसा भरलेल्या एका काळ्या डब्याकडे, म्हणजे कॅनिस्टरकडे जातो. तिथला कोळसा वाफ धरून ठेवतो आणि इंजिन चालू असताना ती ओढून जाळतं. काही टाक्यांना याखेरीज आणखी एक जाड रबरी पाइप असतो, तो भरायच्या नळकांड्याशेजारून वर जातो. पेट्रोल भरताना आतली हवा त्यातून निघते. तो नसेल तर पंपावर नोझल दर दोन लिटरला खट्कन बंद पडतं आणि मागच्या रांगेतले हॉर्न वाजवायला लागतात.

"जाड तो सप्लाय, बारीक तो रिटर्न. त्यात काय एवढं?"

पुष्कळ गाड्यांत हे खरं असतं. सप्लाय आठ मिलिमीटरचा आणि रिटर्न सहाचा अशी जोडी खूप ठिकाणी सापडते. पण हा नियम नव्हे, सवय आहे. काही गाड्यांत दोन्ही सारखे असतात. हवेचा पाइपही सहाचाच असला की बारीक पाइप दोन होतात, त्यातला रिटर्न कुठला? वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत तर आधीच्या कुणीतरी हातात आला तो पाइप ठोकून दिलेला असतो. मासळी वाहणाऱ्या पिकअपच्या खाली एकदा डोकावून बघा. बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं ठिबकून मूळचे लोखंडी पाइप कधीच खाल्लेले असतात आणि त्यांच्या जागी तीन वेगवेगळ्या मापांचे रबरी तुकडे क्लिपांनी सांधलेले असतात. तिथे जाडी बघून काय कळणार?

बाजारच्या सेलवरची तोंडंही जाडीवरून ओळखता येत नाहीत. शर्यतीच्या सामानात मापं एएन आकड्यात येतात, आणि तो आकडा इंचाचे सोळांश सांगतो. एएन ६ म्हणजे सहा सोळांश, साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास. कित्येक झाकणांवर सप्लाय, रिटर्न आणि व्हेंट ही तिन्ही तोंडं एकाच मापाची असतात. तेव्हा झाकणाचे बोल्ट काढा आणि ते उलटं करून खालून बघा. ज्याला लांब नळी लोंबते आणि टोकाला जाळी आहे तो सप्लाय. ज्याला काहीच लोंबत नाही आणि वर किंवा आत गोळीची झडप आहे तो व्हेंट. जो उरतो, आखूड नळीचा किंवा नुसता भोकाचा, तो रिटर्न. काही डब्यांत सप्लायचं तोंड झाकणावर नसून तळाशी मागच्या कोपऱ्यात असतं, मग झाकणावर दोनच तोंडं सापडतात.

दुसरं टोक कसं शोधायचं

जुनी टाकी अजून जागेवर असेल तर तुम्ही नशीबवान. काहीही काढण्याआधी फोटो घ्या, प्रत्येक पाइपवर कागदी चिकटपट्टी गुंडाळून नाव लिहा, आणि तसंच नाव टाकीवरच्या तोंडाजवळही लिहा. मार्कर तेलकट पत्र्यावर टिकत नाही, म्हणून आधी फडक्याने पुसून घ्या. या कामाला दहा मिनिटं लागतात. ते टाळलं की पुढचे दोन दिवस जातात.

टाकी आधीच निघाली असेल तर पुढून मागे या. बॉनेट उघडा. इंजिनवर इंजेक्टरांची नळी, म्हणजे रेल, शोधा. फिल्टरमधून रेलला जो पाइप येतो तो सप्लाय. रेलवरच्या रेग्युलेटरमधून जो निघतो तो रिटर्न. रेग्युलेटर ओळखायला सोपा, कारण त्याच्या डोक्यावर बहुधा इनटेककडून, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या वाटेकडून, आलेली बारीक व्हॅक्युमची नळी असते. काळ्या कॅनिस्टरमधून मागे जातो तो व्हेंट. कॅनिस्टरमधून दुसरी एक नळी इनटेककडे जाते, ती टाकीची नव्हे. फिल्टरवर बाण असतो. तो इंधन कुठून कुठे वाहतं ते दाखवतो, आणि फिल्टर गाडीखाली मागच्या बाजूला असेल तर इंजिनपर्यंत जायचीही गरज पडत नाही.

आता एक टोक हातात धरून पाइप चाचपत मागे या. जिथे तिन्ही पाइप एकाच पट्टीत चेसिसवर जातात तिथे घोटाळा होतो, डोळा एकावरून दुसऱ्यावर घसरतो. तिथे हवा मारून खात्री करा. पुढचं टोक सोडवा, हातपंपाने थोडी हवा द्या आणि मागे कुठून येते ते बघा. तोंडाने फुंकू नका. पेट्रोल घशात गेलं नाही तरी त्याची वाफ छातीत जाते. गॅरेजचा कॉम्प्रेसरही नको, तेवढ्या दाबाने एखादी झडप फाटेल.

जुनी टाकी सुटी पडली असेल आणि आत थोडं पेट्रोल असेल, तर हातपंपाने एकेका तोंडात हवा देऊन ऐका. तळापर्यंत गेलेल्या नळीतून गुडगुड आवाज येतो. व्हेंटमधून आवाजच येत नाही. रिटर्नही कधी कधी गुडगुडतो, कारण काही टाक्यांत तोही खाली उतरलेला असतो. म्हणून या परीक्षेने व्हेंट वेगळा काढता येतो, उरलेल्या दोघांचा निकाल पुढच्या टोकावरूनच लावायचा.

हे सगळं उघड्यावर करा, खड्ड्यावर नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली बसते आणि गॅरेजच्या खड्ड्यात साठते. पेट्रोल उणे चाळीस अंशांनाही पेट घेण्याजोगी वाफ सोडतं, तेव्हा आपल्या एप्रिल-मेमधल्या दुपारचं विचारू नका. बॅटरीची वायर आधी काढा, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा आणि वायरवर लटकणारा साधा बल्ब टाकीजवळ आणू नका.

हवेचा पाइप: सगळ्यात दुर्लक्षित, सगळ्यात घातक

सप्लाय चुकला तर गाडी कुरकुरते, लोक लगेच बघतात. व्हेंट चुकला तर काही दिवस काहीच होत नाही. म्हणूनच त्याच्यावर जरा जास्त लिहितो.

तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडून ओतून बघा. धार तुटक येते, डबा ग्लक-ग्लक करतो आणि थोड्या वेळाने थांबतो. दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक भोक पाडलं की धार सरळ येते. टाकीचंही तसंच. पंपाने एक लिटर इंधन बाहेर नेलं की तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही तर आत पोकळी तयार होते. मग गाडी पाच-सात किलोमीटर नीट पळते, नंतर दम खाते आणि बंद पडते. झाकण उघडलं की 'फुस्स' आवाज होतो आणि गाडी पुन्हा सुरू. पत्र्याची टाकी असेल तर ती या ओढीने आत चेपल्याचीही उदाहरणं आहेत. लोक पंप बदलतात, फिल्टर बदलतात आणि दोष तसाच राहतो.

उलट बाजूही आहे. उन्हात उभ्या गाडीत वाफ वाढते आणि तिला वाट नसेल तर दाब वाढतो. झाकण उघडताच पेट्रोल तोंडावर उडतं, किंवा कुठल्यातरी सैल क्लिपमधून झिरपत राहतं.

म्हणून "एक तोंड जास्तीचं दिसतंय, बोल्ट मारून बंद करू या" हे सेलच्या बाबतीत कधीही करू नये. मूळ टाकीच्या काही झाकणांतून हवा आत येते, सेलचं झाकण मात्र बहुधा हवाबंद असतं. व्हेंट बंद केला की हवेला दुसरी वाटच उरत नाही.

व्हेंट उघडाही सोडता येत नाही. गाडी उलटली तर त्याच भोकातून सगळं पेट्रोल गरम सायलेन्सरवर येईल. त्यासाठी रोलओव्हर व्हॉल्व्ह असतो. तो हातात घेऊन हलवला तर आतली गोळी खडखडते. उभा धरून हवा दिली तर आरपार जाते, उलटा धरला की गोळी बसते आणि वाट बंद होते. बसवण्याआधी ही परीक्षा करा. तो उभाच बसवायचा; आडवा बसवला की चढावरसुद्धा गोळी सरकते आणि तुम्ही पुन्हा बंद व्हेंटच्या दुखण्यावर येता.

व्हेंटची नळी आधी टाकीच्या माथ्याच्या वर नेऊन एक वळसा द्या आणि मग खाली गाडीबाहेर सोडा, सायलेन्सरपासून लांब. कॅनिस्टर असेल तर तिथेच जोडा, तोडू नका. इथल्या नद्या-ओढ्यांतून गाडी घालणार असाल तर नळीचं टोक पाण्याच्या पातळीच्या वर राहील असं ठेवा. नाहीतर टाकीत हवेऐवजी पाणी ओढलं जाईल. टोकाला एखादी बारीक जाळी किंवा छोटा फिल्टर असलेला बरा, गोव्यातल्या कुंभारणी माशा कुठलंही रिकामं भोक सोडत नाहीत.

"चुकलं तर गाडी सुरूच होणार नाही, मग कळेलच की!"

नाही कळणार, आणि खरा धोका तोच आहे. डिचोलीजवळच्या एका गॅरेजात असाच वाद चाललेला ऐकला होता. नवी टाकी बसवलेली जिप्सी मालकाने आणली होती. टाकी भरलेली असली की गाडी वाऱ्यासारखी जाते, अर्ध्यावर आली की चढावर मरते.

"पंप गेला असणार," मालक म्हणाला.

म्हाताऱ्या मेकॅनिकने मान हलवली. "पंप गेला असता तर भरल्या टाकीवर कशी पळाली असती, बाब? पंप पेट्रोल शोधतोय, पण वरच्या वर."

सप्लाय आणि रिटर्न उलटे होते. पंप आखूड नळीतून ओढत होता, आणि पातळी त्या नळीच्या खाली गेली की हवा खात होता. तळापर्यंत गेलेल्या नळीतून जादा पेट्रोल निमूट परत येत होतं.

बाकीच्या चुकांची लक्षणंही ठरलेली असतात. रिटर्न चुकून व्हेंटच्या तोंडाला लागला तर परत येणारं इंधन रोलओव्हर व्हॉल्व्हच्या गोळीवर अडतं, रेलमधला दाब चढतो, धूर काळा होतो आणि ॲव्हरेज कोसळतो. गाडीचा रिटर्न आणि कॅनिस्टरचा पाइप यांची अदलाबदल झाली तर पेट्रोल कोळशात जातं. कोळसा एकदा भिजला की कॅनिस्टर फेकायचाच, सुकवून तो पहिल्यासारखा होत नाही. डिझेल गाडीत सप्लायच्या जोडात कुठे फट राहिली तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवाच आत जाते. बाहेर थेंब दिसत नाही, पण सकाळी गाडी स्टार्टर खात बसते. लाइनीने 'एअर धरली' म्हणतात ती हीच.

गाडीला पाइप एक, टाकीला तोंडं तीन

इथे भलेभले अडतात. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत टाकीतून इंजिनकडे इंधनाचा एकच पाइप जातो, रिटर्न नसतोच. रेग्युलेटर टाकीच्या आतच, पंपाच्या शेजारी बसलेला असतो. जादा इंधन तो आतल्या आत सोडून देतो. अशा गाडीची मूळ टाकी काढली की रेग्युलेटरही तिच्याबरोबर निघून जातो, हे कुणाच्या लक्षात येत नाही. मग सेलला बाहेरून पंप लावतात, रिटर्नचं तोंड 'गाडीला रिटर्न नाही' म्हणून बंद करतात, आणि दाब धरणारं कुणीच उरत नाही. उपाय असा की सेलजवळ वेगळा रेग्युलेटर बसवायचा, कंपनीने त्या इंजिनासाठी सांगितलेल्या दाबावर लावायचा आणि त्याचा जादा पाइप सेलच्या रिटर्नला जोडायचा. इंजिनकडे एकच पाइप जाईल, तरी रिटर्न वापरात राहील.

उलट प्रकार जुन्या कार्ब्युरेटरच्या जिप्सीत होतो. कुणीतरी इंजेक्शनचा पंप स्वस्तात मिळाला म्हणून लावतो. कार्ब्युरेटरला पाव-अर्धा बार पुरतो, आणि हा पंप तीन बारने ढकलतो. कार्ब्युरेटरमधल्या तरंगत्या फ्लोटची सुई तेवढा दाब थोपवू शकत नाही, पेट्रोल ओसंडून गरम इंजिनावर येतं. इथे कमी दाबाचा पंप हाच उपाय.

गाडीला तीन पाइप आणि टाकीला चार तोंडं असतील तर चौथं काय आहे ते झाकण उलटून बघितल्याशिवाय बंद करू नका. ते जादा सप्लायचं असेल तर योग्य मापाच्या टोपीने बंद करता येतं. दुसरा व्हेंट असेल तर नाही.

रबर कुठलं? आणि ई २० चं काय?

सध्या चहाच्या टपरीवरसुद्धा ई २० वर वाद चालतो. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायला फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचलं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचं रबर आणि प्लॅस्टिक हे मिश्रण सोसेल असं बनतं. जुन्या गाड्यांचं मात्र तसं धरून चालता येत नाही. जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, मग तडकतं. मायलेजचा वाद बाजूला ठेवू, पण टाकी बदलताना जुने रबरी तुकडे पुन्हा वापरू नयेत, याबद्दल माझ्या मनात तरी शंका नाही.

नळीवर छापलेलं वाचा. एसएई ३० आर ७ लिहिलेली नळी कार्ब्युरेटरच्या कमी दाबासाठी. आर ९ इंजेक्शनच्या दाबासाठी, आणि तिच्या आतलं अस्तर इथेनॉलला चांगलं टिकतं. पण आर ९ टाकीच्या आत बुडवायची नाही, कारण तिचं बाहेरचं रबर इंधनासाठी बनलेलं नसतं. आत बुडणाऱ्या तुकड्याला आर १० लागते. हा तुकडा बोटभर लांबीचा असतो, भाव ऐकून डोळे पांढरे होतात, म्हणून लोक तिथे साधी नळी घालतात. काही महिन्यांत ती गळून पडते आणि पंप टाकीतल्या टाकीत फेऱ्या मारत बसतो. क्लिपा इंजेक्शनच्या, गोल काठाच्या घ्या. खाचांच्या पट्टीची साधी क्लिप आवळली की रबरात रुतते.

फोमचंही विचारून घ्या. काही प्रकारचा फोम इथेनॉलने किंवा दमट हवेने सुटायला लागतो. त्याची पिवळी भुकटी जाळीत आणि फिल्टरमध्ये जमते. आपल्या हवेत, वर्षभर बंद पडलेल्या गाडीत, हे लवकर होतं. फिल्टर उघडल्यावर असली भुकटी दिसली तर पाइप तपासत बसू नका, फोम बदला.

"हे कायद्यात बसतं का?"

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं की नोंदणीत लिहिलेल्या कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. गंजलेल्या टाकीच्या जागी तशीच टाकी बसवणं ही दुरुस्ती. हौद्यात फ्युएल सेल ठेवणं हा बदल. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत तो करण्याआधी वाहतूक खात्यात विचारलेलं बरं, कारण आग लागली तर विमा कंपनी नेमकं त्यावरच बोट ठेवेल. स्पर्धेसाठीच बांधलेल्या गाडीला संयोजकांची आणि देशातल्या मोटार स्पर्धा महासंघाची नियमावली लागू होते. तपासणीच्या वेळी पहिल्यांदा व्हेंट बघतात, असा माझा अनुभव आहे.

पहिलं पेट्रोल

सगळं जोडल्यावर टाकी एकदम भरू नका. पाच लिटर घाला, चावी फक्त ऑनवर आणा, पंपाचा आवाज थांबला की प्रत्येक जोड बोटाने पुसून वास घ्या. मग इंजिन सुरू करा आणि चालू इंजिनावर तीच फेरी पुन्हा. भरायचं धातूचं तोंड, टाकीची पेटी आणि चेसिस यांना एका वायरने जोडलेलं आहे ना ते बघा. रबरावर बसवलेला सेल चेसिसपासून विजेच्या दृष्टीने तुटलेला असतो आणि भरताना साचलेली स्थिर वीज ठिणगी टाकू शकते. ही दोन रुपयांची वायर बहुतेक जण विसरतात. नंतर टाकी पूर्ण भरून गाडी उतारावर, नाक खाली आणि मग नाक वर, अशी थोडा थोडा वेळ उभी करा. रात्री खाली कोरा पुठ्ठा टाका. पेट्रोल उडून जातं, पण पुठ्ठ्यावर त्याची कडा राहते.

इंधनाचा काटा चुकीचा दाखवला तर घाबरू नका. बाहेरून आलेल्या सेलमधला काट्याला पातळी सांगणारा फ्लोट वेगळ्या रोधाचा असतो. काहींत रिकाम्या टाकीला शून्य ओहम आणि भरलेलीला नव्वद, काहींत रिकामीला दोनशे चाळीस आणि भरलेलीला तेहतीस. तुमच्या डॅशबोर्डशी जुळणारा फ्लोट शोधा, तोवर लिटर मोजून भरा.

राहिली जुनी टाकी. ती रिकामी दिसते म्हणून कटरने कापायला किंवा वेल्डिंगला देऊ नका. उघड्यावर ठेवलेल्या रिकाम्या टाकीतही महिनोन्‌महिने वाफ राहते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा अर्धवट वाफेची टाकी जास्त जोरात फुटते. आधी सगळी तोंडं उघडी करून ती पाण्याच्या वाफेने नीट धुतली गेली पाहिजे, आणि हे काम टाक्या दुरुस्त करणाऱ्याकडेच द्यावं. भंगारवाल्याला देताना तिच्यावर खडूने मोठ्या अक्षरात 'पेट्रोल' लिहा. तो ती कापायलाच नेणार असतो.